तानाशाह : नाव आणि माणूस



खुलताबादला आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी जाऊन आलेले आहेत. कुणी उरुसाला, कुणी पैराहन-ए-मुबारकच्या जियारतीला, कुणी वेरूळची लेणी पाहून परतताना. दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढला की हे गाव लागते. जुने लोक त्याला 'रौजा' म्हणत. रौजा म्हणजे मजार. गावच मुळी कबरींचे! चौदाव्या शतकापासून चिश्ती बुजुर्ग येथे येऊन राहिले आणि येथेच दफन झाले. पुढे त्यांच्या सावलीत आपल्यालाही दोन हात जागा मिळावी, अशी इच्छा बादशहांना झाली, वजिरांना झाली, कवींना झाली. मलिक अंबर येथे आहे. पहिला निजाम आसफजाह येथे आहे. अमीर हसन सिज्जी हा फारसी कवी येथे आहे. औरंगजेब तर आहेच.

शाळेची सहल घेऊन मी तेथे अनेकदा गेलो आहे. बसमधून उतरताच मुलांचा एकच प्रश्न असतो, "सर, औरंगजेबाची कबर कुठे?" ती पाहून झाली की भजी, चहा आणि परतीची बस. एका खेपेस मात्र मी मुलांना मुद्दाम शाह राजू कत्ताल यांच्या दर्ग्यात नेले. सय्यद युसूफ हुसैनी हे त्यांचे मूळ नाव. गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदे नवाज गेसूदराज यांचे ते वडील. या दर्ग्याच्या आवारात एक साधी कबर आहे. "ही गोवळकोंड्याच्या शेवटच्या सुलतानाची कबर. अबुल हसन कुतुबशाह, म्हणजे तानाशाह," असे मी सांगितले. मुलांनी हात उचलले. तेवढ्यात आठवीतला एक मुलगा हात खाली घेऊन म्हणाला, "सर, तानाशाह म्हणजे हुकूमशहा ना? मग याच्यासाठी फातेहा कशाला?"

मुले हसली. मला हसू आले नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर परतीच्या बसमध्ये पुरे झाले नाही, म्हणून ते येथे लिहीत आहे.

मराठीत आपण ज्याला हुकूमशाही म्हणतो, तिला हिंदीत तानाशाही म्हणतात. वर्तमानपत्रात, निवडणुकीच्या सभेत हा शब्द रोज ऐकू येतो, आणि तो याच सुलतानाच्या नावावरून आला, असे सांगितले जाते. उर्दूत त्याच नावाचा आणखी एक अर्थ आहे. खाण्यापिण्यात, कपड्यात फार चोखंदळ, नाजूक मिजाजाचा माणूस दिसला की त्याला तानाशाह म्हणतात. डाळीत मीठ कमी पडले म्हणून मी ताट सरकवले की माझी दादी म्हणायची, "आले आमचे तानाशाह!" म्हणजे पाहा, एकाच माणसाच्या नावाने एकीकडे जुलमी ओळखला जातो आणि दुसरीकडे लाडावलेला. दोन्ही अर्थ घेऊन आपण त्याच्या कबरीशी गेलो, तर तेथे तिसराच माणूस भेटतो.

हा अबुल हसन राजवाड्यात वाढलेला नव्हता. कुतुबशाही घराण्याशी त्याचे नाते होते खरे, पण तरुणपणाची वर्षे त्याने हैदराबादेत एका पीराच्या खानकाहमध्ये काढली. त्या पीरांचे नावही शाह राजूच. खुलताबादच्या शाह राजूंच्या घराण्यातलेच ते. मुरीद म्हणून राहायचे, मिळेल ते खायचे, असे ते दिवस. 'तानाशाह' हे नाव त्याला या पीरांनीच मायेने दिले, असे म्हणतात. त्याचा अर्थ बालसंत, कोवळा फकीर, असा दिला जातो. आपल्या मराठीतला 'तान्हा' हा शब्द येथे आठवल्याशिवाय राहत नाही. हुकूमशहाचे नाव मुळात असे!

तेव्हाचा सुलतान अब्दुल्ला कुतुबशाह याला मुलगा नव्हता, तीन मुली होत्या. एक औरंगजेबाच्या मुलाला दिलेली होती. दुसरीचा नवरा निजामुद्दीन अहमद दरबारात वजन राखून होता. धाकटीचे लग्न एका सय्यद घराण्यातल्या तरुणाशी ठरले, तयारी झाली, आणि ऐन वेळी या दुसऱ्या जावयाने विरोध केला. ठरलेला नवरदेव बाजूला झाला. आता मांडवात नवरदेव कोण? राजघराण्याच्या नात्यातला कुणी तरुण शोधा, असे ठरले, आणि लोक शाह राजूंच्या खानकाहमध्ये आले. फकिरीतला अबुल हसन घोड्यावर बसून लग्नाला गेला. अब्दुल्लाच्या मृत्यूनंतर वारशाचा वाद झाला, तोही सरदारांनी याच्या बाजूने निकालात काढला, आणि १६७२ साली तो गोवळकोंड्याच्या तख्तावर बसला. गोष्टीतला वाटावा असा हा प्रसंग, पण इतिहासात घडलेला आहे.

त्याच्या राज्याचे वैशिष्ट्य हे की कारभार त्याने मादण्णा आणि आकण्णा या दोन ब्राह्मण बंधूंच्या हाती सोपविला. मादण्णा हिशेबात पक्का, महसुलाचा जाणकार. दरबारातल्या कित्येक अमिरांना हे खपले नाही, पण सुलतानाने आपला निर्णय बदलला नाही. त्याच्या राज्यातल्या लोकपरंपरा पाहा. आंध्रातील कुचिपुडी गावच्या नर्तक ब्राह्मणांना त्यांचे गाव तानाशाहने इनाम दिले, असे ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. मादण्णाचा भाचा गोपण्णा भद्राचलमच्या भागात तहसीलदार होता. सरकारी महसूल त्याने राममंदिर बांधण्यात खर्च केला. त्याला गोवळकोंड्याच्या किल्ल्यात कैद झाली. सुमारे बारा वर्षे तो तेथे होता. ती कोठडी आजही दाखवतात. तोच भक्त रामदास. कथा अशी की एका रात्री राम आणि लक्ष्मण शिपायांच्या वेषात तानाशाहच्या महालात आले, सारी थकबाकी नाण्यांत मोजून दिली आणि पावती घेऊन गेले. सकाळी सुलतानाने रामदासाला सोडले. कथेचे सोडा. पण भद्राचलमला रामनवमीच्या कल्याणोत्सवासाठी सरकारातून मोती पाठविण्याचा रिवाज तानाशाहपासूनचा मानला जातो. पुढे निजामांनी तो चालविला आणि आता तेलंगणचे सरकार चालवते. थकबाकीसाठी बारा वर्षे कोंडणारा आणि पुढे मोती पाठविणारा सुलतान एकच. मुलांनी दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

आता आपल्या महाराष्ट्राशी त्याचा संबंध. १६७७ साली छत्रपती शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा ते आधी भागानगरला, म्हणजे हैदराबादला गेले. महाराजांचे वकील प्रल्हाद निराजी तेथे आधीपासून होते. वाटेत रयतेच्या काडीलाही हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद फौजेला होती. शहर सजविले गेले. दोघांची भेट झाली, मने जुळली. मादण्णाच्या घरी मेजवानी झाली, तेव्हा त्याच्या आईने स्वतः रांधून महाराजांना जेवू घातले, असे सांगतात. येसाजी कंकाने हत्तीशी झुंज घेतल्याची आख्यायिका तर आपल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. पण ती झुंज पाहायला बसलेला सुलतान कोण, हे विचारले तर वर्ग गप्प होतो!

महाराज तेथे महिनाभर राहिले. करार झाला. तानाशाहने पैसा दिला, तोफखाना दिला, काही फौज दिली. त्या बळावर महाराजांनी जिंजी घेतली, पुढे वेल्लोर आले. या जिंजीचे काय झाले ते लक्षात घ्या. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, तेव्हा राजाराम महाराजांनी आश्रय घेतला तो याच जिंजीत. १६९८ पर्यंत मोगल फौजा तेथे अडकून पडल्या आणि मराठ्यांचे राज्य तगले. त्या साऱ्या वर्षांत जिंजीसाठी पैसा देणारा तानाशाह कोठे होता? दौलताबादेत, औरंगजेबाच्या कैदेत. आपल्या दोस्तीला काय फळ आले, हे त्याच्या कानावर कितपत गेले असेल, हा विचार किल्ला चढताना माझ्या मनात नेहमी येतो.

औरंगजेबाच्या त्याच्यावरील तक्रारी उघड होत्या. खंडणी थकली. मराठ्यांना मदत केली. कारभार ब्राह्मणांच्या हाती दिला. १६८५ मध्ये शहजादा शाहआलमने हैदराबाद घेतले आणि तानाशाहला गोवळकोंड्याच्या किल्ल्यात जावे लागले. तहाची एक अट होती की मादण्णा-आकण्णांना दूर करा. तो टाळाटाळ करीत राहिला. शेवटी १६८६ मध्ये त्याच्याच दरबारातील विरोधकांनी आणि जनान्यातील काही बेगमांनी कट करून दोघा भावांना भर रस्त्यात मारविले. मादण्णाचे शिर मोगलांकडे पाठविण्यात आले. ज्यांच्यावर राज्य सोपविले, त्यांचे प्राण सुलतान वाचवू शकला नाही. याबाबतीत मी त्याची बाजू घेणार नाही. भला माणूस असणे आणि खंबीर राजा असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे थांबा. इतिहास म्हणजे क्रिकेटचा सामना आहे आणि दोन संघांपैकी एकाच्या बाजूने आपण टाळ्या वाजवायच्या आहेत, असे अलीकडे तुम्हांला सारखे ऐकावे लागते. तुमच्यापैकी काहींना तर शाळेच्या वाटेवर "तुझा बादशहा कोणता?" असेही विचारले गेले आहे, हे मला ठाऊक आहे. गोवळकोंड्याच्या वेढ्यात हे संघ पाडून दाखवा पाहू! वेढा घालणारा मुसलमान, वेढ्यात सापडलेला मुसलमान. एकाच्या फौजेत राजपूत, दुसऱ्याच्या दरबारी ब्राह्मण प्रधान आणि मराठ्यांची दोस्ती. आणि औरंगजेबाचा खुद्द मुख्य काजी शेखुल-इस्लाम याने दक्षिणेतील मुसलमान राज्यांविरुद्धच्या या युद्धाला संमती दिली नाही. त्याने पद सोडले आणि तो हजला निघून गेला. बादशहासमोर 'नाही' म्हणणारा हा काजी आपल्या मुलांना कुणी शिकवत नाही. कबर प्रसिद्ध नसली की माणूसही विसरला जातो, दुसरे काय.

१६८७ च्या आरंभी वेढा पडला. आठ महिने चालला. त्या वर्षी दुष्काळ होता, मोगल छावणीत धान्य मिळेना. किल्ल्याखाली सुरुंग खणले, पण आतल्या लोकांनी डाव ओळखल्यामुळे स्फोट उलटला आणि मोगलांचीच माणसे मेली. एका रात्री काही शिपाई शिड्या लावून तटावर चढत होते, तेवढ्यात एक भटका कुत्रा भुंकला, पहारेकरी जागे झाले आणि किल्ला वाचला. तानाशाहने त्या कुत्र्याला सोन्याची साखळी आणि जरीची झूल घातली, असे सांगतात. राज्य बुडत असताना कुत्र्याचा सत्कार! दादीच्या तानाशाहला हे शोभते खरे.

तोफांनी किल्ला पडला नाही, फितुरीने पडला. सप्टेंबर १६८७ मध्ये एका पठाण सरदाराने पैसे घेऊन रात्री दिंडी दरवाजा उघडला. त्या वेळी अब्दुल रज्जाक लारी नावाचा एक सरदार एकटा घोड्यावर बसून मोगलांच्या लोंढ्यावर तुटून पडला. यालाही मोठ्या मनसबीचे आमिष दाखविले गेले होते. त्याने ते पत्र बुरुजावर उभे राहून सर्वांसमोर फाडून टाकले होते. दुसऱ्या दिवशी तो एका नारळाच्या झाडाजवळ निपचित पडलेला सापडला. अंगावर सत्तरच्या आसपास जखमा! औरंगजेबाने त्याच्यावर उपचारासाठी दोन शस्त्रवैद्य पाठविले, एक फिरंगी आणि एक हिंदू. अशी इमानी माणसे तानाशाहजवळ आणखी असती तर किल्ला हाती यायला फार काळ लागला असता, अशा अर्थाचे उद्गार बादशहाने काढले. तो जगला. शत्रूचे मोल जाणण्याची ही रीत औरंगजेबाच्या खात्यावर जमा केली पाहिजे.

आता त्या रात्रीचा तानाशाह पाहा. खाफीखान या इतिहासकाराने तो प्रसंग लिहून ठेवला आहे. खाफीखान मोगलांच्या पदरचा, म्हणून त्याची साक्ष मला अधिक मोलाची वाटते. महालात रडारड ऐकू येऊ लागली. तानाशाह जनान्यात गेला, बायकांना धीर दिला, काही चुकले असेल तर माफी मागितली आणि बाहेर येऊन मसनदीवर बसला. न बोलावलेल्या पाहुण्यांची वाट पाहत! रुहुल्लाखान आणि त्याचे साथीदार आत आले, तेव्हा त्याने आधी सलाम केला, त्यांना बसवून घेतले. खाण्याची वेळ झाली होती. त्याने नेहमीप्रमाणे दस्तरखान मांडायला सांगितले आणि पाहुण्यांनाही आग्रह केला. अशा वेळी घास उतरतो तरी कसा, असे त्याला विचारण्यात आले. तो म्हणाला, माझी जेवणाची वेळ हीच आहे. मग त्याने जे सांगितले त्याचा आशय असा : मी फकिरीत दिवस काढले, अल्लाहने मला राज्य दिले, ते मी मागितले नव्हते. आता ते तो परत घेत आहे, आणि घेताना माझी मान एका मुसलमान बादशहाच्या हाती देत आहे. यात कुरकुर कसली?

जेवण झाले. तो घोड्यावर बसला, शहजादा आजमसमोर गेला आणि गळ्यातला मोत्यांचा हार काढून त्याला नजर केला. आजमने त्याच्या पाठीवर हात ठेवला. गोवळकोंड्याच्या खजिन्यात सुमारे सात कोटी रुपये रोख सापडले.

खानकाहमधून तख्तावर नेला तेव्हा तो जसा उठून गेला, तसाच तख्तावरून कैदेत. मधल्या पंधरा वर्षांत तो ऐषारामात राहिला, गाणे-बजावणे, अत्तरे, उंची वस्त्रे यांची त्याला आवड होती. हे सारे खरे आहे. पण ते त्याच्या अंगाला चिकटलेले नव्हते. चिकटलेले असते तर त्या पहाटे घास घशाखाली उतरला नसता.

दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल नावाची इमारत आहे. तुम्ही ती पाहिली असेल, पण थांबला नसाल, कारण सगळ्यांना पुढची मेंढा तोफ आणि अंधारी पाहायची घाई असते. चिनी मातीच्या रंगीत फरशा एके काळी तिच्या भिंतींवर होत्या, म्हणून हे नाव. आता पडझड झाली आहे, फरशांच्या खुणा तेवढ्या दिसतात. येथे तानाशाहला ठेवले. वर्षाला पन्नास हजार रुपये तनखा ठरवून दिला. राज्य नाही, प्रधान नाही, दोस्त नाही. सुमारे बारा वर्षे तो येथे होता आणि १६९९ मध्ये कैदेतच वारला.

हैदराबादला गेलात तर कुतुबशाही मकबरे अवश्य पाहा. त्या घराण्याच्या सुलतानांचे एकाहून एक भव्य घुमट तेथे एका बागेत उभे आहेत. अबुल हसन तेवढा त्यांत नाही. त्याला दौलताबादहून जवळ असलेल्या रौज्यात आणले गेले आणि शाह राजू कत्तालांच्या आवारात दफन केले गेले. हैदराबादच्या शाह राजूंच्या दारातून उठून गेलेला मुरीद खुलताबादच्या शाह राजूंच्या दारात परत आला. हे कुणी ठरवून केले की योगायोगाने घडले, कोण जाणे. पण जागा त्याला शोभेशीच मिळाली.

आठ वर्षांनी, १७०७ मध्ये, अहमदनगरजवळ औरंगजेब वारला. त्यालाही याच गावात आणले. त्याच्या इच्छेप्रमाणे हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यात, उघड्या आभाळाखाली त्याची मातीची कबर झाली. संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची. बादशहाच्या 'खुल्द-मकान' या मरणोत्तर पदवीवरून रौज्याचे खुल्दाबाद झाले. कैद करणारा आणि कैदी आज एकाच गावात आहेत. एकाच्या कबरीवरून आरडाओरडा होतो, पोलीस बंदोबस्त लागतो. दुसऱ्याच्या कबरीवर वाळलेली पाने पडलेली असतात.

त्या दिवशी बसमध्ये मी यातले निम्मेही सांगू शकलो नाही. चिनी महालापर्यंत आलो आणि शहर आले. तो आठवीतला मुलगा उतरताना माझ्याजवळ थांबला. म्हणाला, "सर, मी मघाशी फातेहा अर्धीच सोडली. आता इथून पढली तर चालेल का?"

मी म्हटले, चालेल. तो बसच्या पायरीवरच उभा राहिला, टोपी सारखी केली आणि हात उचलले. मागची मुले ढकलाढकली करीत होती. क्लीनर ओरडत होता, "ए पोरा, उतर लवकर!"